सान क्लेमेंते, रोम: १० युरोत तीन मजले खाली (आणि रिटायर्ड इंजिनियर बाबांचं मत)

रोमला जाणारे आपले लोक कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेवीचं कारंजं करतात आणि तीन दिवसांत परत येतात, आम्ही पण तेच करणार होतो. आमच्या टूरवाल्याने (नाव नाही घेत, वाद नको) तर सान क्लेमेंतेबद्दल विचारल्यावर सरळ सांगितलं की मॅडम ते एक चर्च आहे, रोममध्ये चर्च पावलापावलाला आहेत, त्यात वेळ घालवू नका. सुदैवाने चौथा दिवस आमचा आमचा होता आणि कोलोसियमपासून हे ठिकाण चालत जेमतेम पाच-सात मिनिटांवर आहे म्हणून गेलो. वाटेत ग्लॅडिएटर लोकांच्या तालमीचे अवशेष रस्त्याकडेलाच उघडे दिसतात, लुडुस माग्नुस नाव त्याचं, फुकट आहे, कठड्यावरून वाकून बघा. माझ्या लेकीने तिथेच पंधरा मिनिटं काढली.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि कोल्हापूरहून आलेले माझे बाबा. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, वय ७१, डावा गुडघा कुरकुरतो. त्यांना चर्च-बिर्च, चित्रं यात काडीचा रस नाही. कोलोसियममध्ये सुद्धा ते ग्लॅडिएटर सोडून पावसाचं पाणी कुठून बाहेर काढलंय ते शोधत होते. हे मुद्दाम सांगतेय कारण या सगळ्या ट्रिपमध्ये बाबा खऱ्या अर्थाने खूश झाले ते फक्त इथे.

तर ठिकाण काय आहे ते आधी. वर रस्त्याच्या लेव्हलला एक चर्च आहे, साधारण ११०० नंतर बांधलेलं. त्याच्या खाली अजून एक चर्च आहे, चौथ्या शतकातलं. आणि त्याच्याही खाली पहिल्या ते तिसऱ्या शतकातल्या रोमन इमारती आहेत, दोन इमारती आणि मधली चिंचोळी बोळ, ज्यातल्या एका इमारतीत मिथ्रस नावाच्या देवाचं गुहेसारखं देऊळ आहे. वरचं चर्च फुकट. खाली जायचं तिकीट, आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना माणशी १० युरो. बरेच लोक वरचं बघून फुकटात समाधानी होऊन निघून जातात. असं करू नका, म्हणजे वरचं वाईट नाहीये, पण ते म्हणजे मिसळ मागवून नुसता पाव खाऊन उठण्यासारखं आहे.

वरचं पटकन सांगते. समोरच्या अर्धगोल भिंतीवर सोन्याचं मोझेक आहे, बाराव्या शतकातलं, मधोमध क्रूस आणि त्यावर बारा पांढरी कबुतरं आणि क्रूसाच्या बुडातून एक वेल निघून सगळीकडे गोल गोल पसरलीय. त्या वेलीत बारीक बारीक माणसं आहेत, एक बाई तर चक्क कोंबड्यांना दाणे टाकतेय. लेकीने ती शोधली. मध्ये गायक मंडळींसाठी संगमरवरी कठड्याची जागा आहे, ती मूळची खालच्या चर्चमधली, सहाव्या शतकातली, तिथून उचलून वर आणून बसवलेली. जुन्या वाड्याचे खांब-तुळया काढून नवीन घरात लावतात ना, तसं. बाबा खुर्चीत बसून राहिले, म्हणाले छान आहे, चला आता.

मग तिकीट काढून जिना उतरलो. जिन्याच्या दोन्ही भिंतींवर खोदकामात सापडलेले संगमरवराचे तुकडे लावलेत, अर्धवट लेख, कुणाचा हात, कुणाचं नाक. रुंद जिना आहे, बाबांना त्रास झाला नाही. आणि खाली पाऊल टाकलं की पहिलं जाणवतं ते म्हणजे हवा बदलते. बाहेर जुलैचं ऊन आणि इथे गार, दमट, विहिरीत उतरल्यावर येतो तसा वास.

आता इथे एक गंमत आहे जी वाचून गेलात तर जास्त मजा येईल. १८५७ पर्यंत लोकांची समजूत होती की वरचं चर्चच ते जुनं चर्च, चौथ्या शतकातलं, ज्याचा उल्लेख संत जेरोम या त्या काळच्या ख्रिस्ती विद्वानाने ३९२ मध्ये करून ठेवलाय. हे चर्च आयर्लंडच्या डोमिनिकन पंथाच्या साधूंकडे आहे, सतराव्या शतकापासून, आजही तेच सांभाळतात. त्यांच्यातले एक फादर जोसेफ मलूली, त्यांना शंका आली की हे ते नाही, जुनं कुठेतरी खाली असणार. म्हणून त्यांनी १८५७ मध्ये खणायला सुरुवात केली आणि खरंच निघालं, खाली पूर्ण चर्च, खांबांसकट, भिंतीवरच्या चित्रांसकट, पण गच्च मातीने भरलेलं.

मी हे बाबांना वाचून दाखवत होते आणि इथे बाबा पहिल्यांदा थांबले. म्हणाले, "भरलेलं म्हणजे? पडलेलं की भरलेलं?" मी म्हटलं भरलेलं, मुद्दाम. ११०० च्या सुमारास नवीन चर्च बांधायचं ठरलं तेव्हा जुनं पाडलं नाही, वरचा भाग काढला आणि खालच्या भागात राडारोडा, माती भरून खांबांच्या डोक्यापर्यंत लेव्हल केली आणि त्यावर नवीन उभं केलं. पूर्वी सगळे सांगायचे की १०८४ मध्ये नॉर्मन लोकांनी रोम लुटलं जाळलं त्यात हे उद्ध्वस्त झालं, पण भिंती बघितल्यावर तसं वाटत नाही. आजूबाजूच्या रस्त्यांची लेव्हल वर आली होती, चर्च खड्ड्यात गेलं होतं, ओल येत असणार, म्हणून वर घेतलं, हे जास्त पटतं.

बाबा एकदम जागे झाले. "अगं मग हे जोतंच आहे की! आख्खं चर्च जोत्यात भरलंय!" आणि त्यानंतर पुढचा सव्वा तास बाबा पुढे आणि आम्ही मागे.

त्यांच्याबरोबर फिरल्यामुळे मला जे दिसलं ते पाटी वाचून दिसलं नसतं. म्हणजे खालच्या चर्चमध्ये तुम्ही शिरता तेव्हा ते चर्च वाटतच नाही, बोगदे वाटतात, मध्ये मध्ये विटांचे जाडजूड खांब आणि भिंती. मला वाटलं जुनंच असेल. बाबा म्हणाले नाही, यातलं बरंचसं नंतरचं आहे. भराव काढलास तर वरच्या चर्चचं वजन कशावर उभं राहणार? भराव काढत जायचं आणि टेकू देत जायचं. जुने संगमरवरी खांब भिंतीत अर्धे गाडलेले दिसतात, ते बाराव्या शतकात वरचा पाया घेताना चिणलेले. म्हणजे एका भिंतीत चौथं शतक, बारावं शतक आणि एकोणिसावं शतक शेजारी शेजारी, विटांचा रंग आणि चुन्याचा थर बघून ओळखायचं. बाबांनी लेकीला हा खेळच लावून दिला, ही वीट कधीची सांग. ती दहापैकी सहा वेळा बरोबर यायला लागली असं बाबांचं म्हणणं, तपासायला कोण होतं.

आता ती चित्रं. मला सगळ्यात जास्त बघायची होती ती अकराव्या शतकाच्या शेवटी काढलेली, म्हणजे काढली आणि थोड्याच वर्षांत गाडली गेली, म्हणून रंग टिकले. संत क्लेमेंत हा रोमचा अगदी सुरुवातीचा पोप, पहिल्या शतकातला. त्याची गोष्ट अशी की सिसिनियस नावाचा एक मोठा अधिकारी, त्याची बायको थिओडोरा गुपचूप ख्रिस्ती झालेली, हा संशयाने तिच्या मागे मागे प्रार्थनेला जातो आणि तिथे आंधळा बहिरा होतो. पुढे बरा होतो तरी राग जात नाही, नोकरांना सांगतो त्या क्लेमेंतला बांधून ओढत न्या. पण चमत्कार असा की नोकर बांधतात ते दगडी खांबाला, त्यांना वाटतं हाच क्लेमेंत. आणि चित्रात ते बिचारे तो खांब ओढतायत, हलता हलत नाही, आणि सिसिनियस बाजूला उभा राहून बोट दाखवून ओरडतोय.

तो काय ओरडतोय ते शेजारी लिहिलंय, आजच्या कॉमिकसारखं, ज्याचं बोलणं त्याच्या जवळ. "फिली दे ले पुते, त्राइते!" याचा अर्थ, माफ करा, पण मराठीत अगदी शब्दाला शब्द: "रांडेच्यांनो, ओढा!" पुढे एकाला नाव घेऊन सांगतोय, कार्वोन्चेल्ले, मागून पहार घाल रे. आणि खुद्द संताचं उत्तर मात्र लॅटिनमध्ये, की तुमची मनं दगडाची म्हणून तुमच्या नशिबी दगड ओढणं आलं. म्हणजे देवमाणूस पोथीच्या भाषेत बोलतो आणि मुकादम बाजाराच्या भाषेत. आणि ही मुकादमाची ओळ म्हणजे बोलीभाषेतल्या इटालियनच्या सगळ्यात जुन्या लेखी नमुन्यांपैकी एक धरतात!

हे बाबांना सांगितल्यावर ते इतके मोठ्याने हसले की पुढच्या ग्रुपने वळून बघितलं. साइटवर चाळीस वर्षं घालवलेला माणूस. म्हणाले, "नऊशे वर्षं झाली, साइटवरची भाषा काय बदलली नाही." आणि कोल्हापूरकर असल्यामुळे त्यांना त्या शिवीबद्दल वेगळा आदर वाटला तो वाटलाच.

मला त्यावरून आपले गधेगाळ आठवले. शिलाहारांच्या काळातले दगड, वर चंद्र सूर्य आणि खाली गाढव आणि बाई, आणि दान मोडणाऱ्याला आईवरून जी शिवी कोरलेली असते ती इथे टाइप करता येणार नाही. परळचा शिलालेख बघा, वरती सगळं संस्कृत आणि शिवीची वेळ आली की मराठी सुरू. म्हणजे तिकडे आणि इकडे एकच प्रकार, राग आला की माणूस आपल्या भाषेवर येतो. (नवरा म्हणाला हे रिव्ह्यूमध्ये लिहू नकोस. लिहिलं.)

बाकी चित्रांपैकी एक समुद्रातलं आहे, क्लेमेंतला नांगर बांधून समुद्रात टाकलं होतं अशी कथा, तिथे पाण्याखाली त्याची समाधी, वर्षातून एकदा पाणी हटतं, एक बाई मूल तिथे विसरते आणि पुढच्या वर्षी ते जिवंत सापडतं. भोवती मासे पोहतायत. आणि अजून एक बारकावा, नवव्या शतकातल्या एका चित्रात पोप लिओ चौथा आहे, त्याच्या डोक्यामागचं तेजोवलय गोल नाही, चौकोनी आहे. चौकोनी म्हणजे चित्र काढलं तेव्हा माणूस जिवंत होता. त्याची कारकीर्द ८४७ ते ८५५, म्हणजे चित्राची तारीख आपोआप मिळाली. लेकीला हे फार आवडलं, संध्याकाळी हॉटेलवर तिने आमच्या सगळ्यांची चित्रं चौकोनी वलय लावून काढली.

एका कोपऱ्यात संत सिरिलची जागा आहे, रशियन बल्गेरियन लिपीला ज्याच्या नावावरून सिरिलिक म्हणतात तो. ८६९ मध्ये रोममध्येच वारला, इथे पुरला. भिंतीवर स्लाव देशांनी लावलेल्या कृतज्ञतेच्या पाट्या आहेत. आम्ही उभे असताना दोन आजीबाई येऊन हात लावून डोळे पुसत होत्या, आम्ही बाजूला झालो. खाली हे नुसतं म्युझियम नाही एवढं लक्षात ठेवा.

मग दुसरा जिना. हा अरुंद आहे, खाली वाकून जावं लागतं असं काही ठिकाणी आहे, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करा. बाबांना मी म्हटलं तुम्ही इथे बसा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी गप्प.

खाली रोमन लेव्हल. सन ६४ ची ती प्रसिद्ध आग, नीरोच्या वेळची, त्यात हा सगळा भाग जळाला, त्यानंतर बांधलेल्या या इमारती. एक मोठी, टुफाच्या म्हणजे तिकडच्या ज्वालामुखीच्या दगडाच्या थोरल्या ठोकळ्यांची, आत छोट्या छोट्या खोल्यांची रांग, काही जण म्हणतात टांकसाळ असावी, काही म्हणतात गोदाम. दुसरी विटांची, राहण्याची. दोघींच्या मधली बोळ इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. विटांची जमीन आहे, विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या बसवलेल्या.

मिथ्रसचं देऊळ दाराच्या गजांतून बघायचं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना दगडी ओटे जेवायला बसायचे, छत मुद्दाम गुहेसारखं खडबडीत, आणि मधोमध वेदी, तिच्यावर मिथ्रस बैलाला मारतोय, बाजूच्या अंगांवर मशालवाले दोघं, एकाची मशाल वर, एकाची खाली. हा पंथ फक्त पुरुषांचा, सैनिक वगैरे. नाव इराणी आणि आपल्या ऋग्वेदातला मित्र हा त्या नावाचा भाऊबंद, बाकी रोममध्ये जे झालं ते रोमचंच. खरं सांगू, फोटो बघून मला वाटलं होतं की हे सगळ्यात भारी असेल, प्रत्यक्षात मला तेवढं नाही वाटलं, लांबून बघावं लागतं आणि पाचेक मिनिटांत संपतं.

पण त्या खोल्यांत एक आवाज येत होता. पाण्याचा. नुसतं ठिबकणं नाही, वाहतं पाणी, ओढ्यासारखं. बाबांनी मिथ्रसकडे बघितलंच नाही, ते आवाजाच्या मागे गेले आणि एका खोलीत त्यांना सापडलं, खाली खळाळून वाहतंय, स्वच्छ, काचेसारखं. बाबा तिथून हलेचनात.

त्याची गोष्ट अशी. मलूलींच्याच काळात, १८६० च्या दशकात, हा खालचा मजला सापडला पण लगेच पाण्याने भरला, जमिनीखालचा झराच आहे, आणि कित्येक वर्षं देऊळ पाण्यातच. शेवटी १९१२ ते १९१४ मध्ये फादर नोलन नावाच्या दुसऱ्या आयरिश साधूने इथून बोगदा काढला, साधारण ७०० मीटर, कोलोसियमच्या बाजूने नेऊन थेट क्लोआका माक्सिमाला जोडला. क्लोआका माक्सिमा म्हणजे प्राचीन रोमची मोठी गटार, अडीच हजार वर्षांची, आणि विसाव्या शतकात त्यालाच लाइन जोडली! बाबांचे डोळे पाणावले म्हणणं जास्त होईल पण आवाज बदलला. "सातशे मीटर, गावाच्या पोटातून, उतार सांभाळून, त्या काळात. आणि साधूंनी." मग उताराचं गणित सुरू झालं ते मी ऐकलं नाही.

परत वर येताना बाबा म्हणाले आपल्या ब्रह्मपुरीत पण असंच आहे की. पंचगंगेच्या काठचं टेकाड, खाली सातवाहनांचं गाव, वर बहामनी काळाचं, आणि तिथेच ती रोमन काळातली ब्राँझची मूर्ती सापडली, समुद्राचा ग्रीक देव पोसायडन, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ठेवलेली. मी शाळेत असताना सहलीला बघितली होती आणि समोर उभं राहून डबा कधी खायचा एवढाच विचार केला होता. म्हणजे इथल्या खालच्या मजल्यावर माणसं राहत होती त्याच शतकांत रोमचा माल कोल्हापूरपर्यंत पोचत होता.

आता कामाच्या गोष्टी.

फोटो काढू देत नाहीत. खाली तर नाहीच. मी यासाठी अर्धा स्टार कापणार होते पण खरं तर त्यामुळे लोक मोबाइल खिशात ठेवून बघतात, गर्दी पुढे सरकते. तरी पण त्या शिवीचा फोटो हवा होता हो.

खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला, चर्च आहे. पातळ जॅकेट ठेवा, खाली उन्हाळ्यात सुद्धा गारवा असतो. चपला घसरणाऱ्या नकोत, जमीन ओली असते. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा खाली जाता येत नाही, बाकीच्या दिवशीची वेळ पण आधी बघून घ्या. तिकीट ऑनलाइन काढलं तर बरं. दीड तास तरी ठेवा, आम्हाला दोन लागले, बाबांमुळे.

खाली पाट्या आहेत पण त्रोटक, आधी थोडं वाचून गेलात तर बरं नाहीतर नुसते ओले बोगदे बघितल्यासारखं होईल. कोणता मजला कधीचा हे डोक्यात ठेवणं अवघड जातं, एक साधा कागद घेऊन तीन रेघा मारा, खाली पहिलं शतक, मध्ये चौथं, वर बारावं, आणि काय बघाल ते त्या त्या रेघेवर लिहीत जा. लेकीने तसं केलं. चक्कर येणारे, बंद जागेची भीती असणारे यांनी दुसरा जिना उतरू नये, मधल्या मजल्यावरच तिकिटाचे बरेचसे पैसे वसूल होतात. व्हीलचेअर असेल तर वरचंच बघता येईल, खाली सगळा कारभार जिन्याचा.

१० युरो जास्त वाटतात का? चौघांचं जेवण कोलोसियमसमोरच्या एका हॉटेलात केलं तेव्हा पाण्याच्या बाटल्यांनाच तेवढे गेले, नाव त्याचंही सांगत नाही. त्या मानाने हे स्वस्त आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. बाबांकडून पाचपैकी पाच, आणि त्यातले तीन गटारीला.

निघताना दुकानातून त्या खांब ओढणाऱ्या चित्राचं पोस्टकार्ड मिळालं, बाबांनी घेतलं. आता ते कोल्हापूरच्या घरी फ्रिजवर लावलंय. आईने विचारलं की हे कोण संत आणि काय लिहिलंय. बाबा म्हणाले, "ओढा, असं लिहिलंय." आई म्हणाली, एवढंच? बाबा म्हणाले, एवढंच.